हवामान बदल वर्गात आणि गावात कसा समजावून सांगावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतले शिक्षक, कृषी सहायक, ग्रामपंचायत सदस्य आणि पर्यावरणाचे काम करणारे कार्यकर्ते यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातले वर्ग आणि गावे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

सुरुवात कुठून करावी? वितळणाऱ्या हिमनगांपासून की गावापासून?

गावापासून. ध्रुवावरचे अस्वल मुलांना आवडते, पण त्यामुळे हा प्रश्न दूरच्या कुणाचा तरी आहे असे पहिल्याच तासाला मनात बसते आणि ते काढायला पुढे फार कष्ट पडतात. पहिला तास आपल्या गावच्या पावसाला द्या. यंदा पाऊस कधी सुरू झाला, मधे किती दिवस खंड पडला, एका दिवसात सर्वांत जास्त किती पडला? या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वर्गांत कुणालाच नेमकी देता येत नाहीत. तिथूनच मोजायची गरज पटते.

हवा आणि हवामान यांतला फरक कसा सांगायचा?

आज काय घडते आहे ती हवा; एखाद्या ठिकाणी साधारणपणे काय घडते ते हवामान. हे 'साधारणपणे' ठरवायला जागतिक हवामान संघटना ३० वर्षांची सरासरी धरते. म्हणून एक थंड डिसेंबर तापमानवाढ खोटी ठरवत नाही आणि एक कडक मे महिना ती सिद्धही करत नाही. मुलांना दोन्ही बाजूंची उदाहरणे द्या. एकच बाजू दिली, तर थंडीची लाट आली की त्यांचा विश्वास डळमळतो.

शाळेत पर्जन्यमापक कसा बनवायचा?

दोन लिटरची, सरळ भिंतीची, मधे कंबर नसलेली प्लास्टिकची बाटली घ्या. खांद्याखाली, जिथे भिंत सरळ होते तिथे, ती आडवी कापा. वरचा भाग झाकण काढून उलटा करा आणि नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवा. बाटलीचा तळ खाचांचा असतो. तिथे थोडे सिमेंट ओतून तो सपाट करा आणि वाळू द्या. सिमेंटच्या वरच्या पातळीवर शून्याची खूण करून तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. नरसाळ्याचे तोंड आणि बाटलीचा घेर सारखाच असल्यामुळे बाटलीत १ मिमी पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. बाहेरून मोठे नरसाळे आणून बसवले तर हा हिशेब मोडतो. ही चूक सर्रास होते.

आणखी अचूक मोजायचे असेल तर पाणी औषधाच्या सिरिंजने मोजा. तोंडाचा व्यास १० सेंमी असेल तर क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंमी येते, म्हणजे ७.८५ मिलिलिटर पाण्याला १ मिमी पाऊस. सहावी-सातवीच्या गणिताला हे उदाहरण छान जुळते.

जागा निवडताना घाई करू नका. भिंत किंवा झाड जितके उंच असेल त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक ठेवा. तोंड जमिनीपासून ३० सेंमी उंच हवे. त्याहून खाली असेल तर आपटून उडालेले थेंब आत जातात. वाऱ्याने कलंडू नये म्हणून तो विटांच्या चौकटीत बसवा. फरशीवर किंवा पत्र्याच्या पन्हाळीजवळ मुळीच नको.

नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यायची, कारण भारतीय हवामान विभागही त्याच वेळी आधीच्या २४ तासांचा पाऊस मोजतो. पाऊस नसेल तर '०' लिहा. नोंद राहून गेली असेल तर आडवी रेघ मारा. रिकामा चौकोन ठेवला की महिन्याभराने तो कोरडा दिवस होता की सुट्टीचा, हे कुणालाच सांगता येत नाही. रविवारसाठी शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांची पाळी लावा. कोकणात आणि घाटमाथ्यावर मुसळधार दिवशी बाटली भरून वाहते. तिथे संध्याकाळी एकदा मोजून रिकामी करा आणि सकाळच्या आकड्यात तो मिळवा.

महसूल मंडळाच्या 'महावेध' या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा आणि तुमचा आकडा जुळणार नाही. ते चुकीचे समजू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम सत्तरएक मिमी.

एका वर्षाच्या नोंदीवरून हवामान बदलले असे म्हणता येईल का?

नाही. पाच वर्षांच्या नोंदीवरूनही नाही. शाळेच्या नोंदीतून मुलांना मोजण्याची शिस्त येते आणि 'सरासरी' हा शब्द कळतो. बदल दाखवायला लांब पल्ल्याची नोंद लागते आणि ती आपल्याकडे आहे. हवामान विभागाची स्थापना १८७५ ची, आणि देशाच्या सरासरी तापमानाची सलग मालिका १९०१ पासून मिळते.

या मालिकेची रंगपट्टी बनवा. प्रत्येक वर्षासाठी १ सेंमी रुंदीची कागदाची पट्टी, सरासरीपेक्षा थंड वर्षाला निळी, उष्ण वर्षाला लाल, फरक जितका जास्त तितका रंग गडद. कोणत्या आकड्याला कोणती छटा हे रंगवायला बसण्याआधी फळ्यावर लिहून ठेवा. नाहीतर प्रत्येक मूल आपापल्या अंदाजाने गडद-फिके करते. सव्वाशे वर्षांची सव्वा मीटर लांब पट्टी भिंतीवर लागली, की तिचे उजवे टोक लाल का, हे मुले आपणहून विचारतात. १९०१ पासूनचे देशातले सर्वांत उष्ण वर्ष २०२४ होते. एकाच गावाच्या तापमानाची पट्टी आधी घेऊ नका. तिच्यात चढउतार इतके असतात की कल दिसत नाही.

'आमच्या लहानपणी असा पाऊस नव्हता' ही आजी-आजोबांची आठवण पुरावा धरावी का?

ती माहिती म्हणून फार मोलाची आहे. पुरावा म्हणून वापरायची तर पद्धतीने गोळा करावी लागते. माणसाला टोकाचे प्रसंग लक्षात राहतात, साधी वर्षे विसरली जातात. म्हणून 'पूर्वी पाऊस कसा होता?' असे मोघम विचारू नका. गावाला पक्के आठवणारे प्रसंग खुंट्या म्हणून वापरा : १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००५ चा महापूर, कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ चा पूर. 'भूकंपाच्या साली विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत होते?' या प्रश्नाला नेमके उत्तर येते.

दुसरी खुंटी नक्षत्रांची. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशी साधारण तेरा-चौदा दिवसांची विभागणी जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडात असते. 'पेरणी कुठल्या नक्षत्रात व्हायची?' हे विचारा, आणि घरी आल्यावर ते इंग्रजी तारखांत बदला. एका प्रश्नावर किमान सात-आठ जणांना, त्यात बायकांनाही, वेगवेगळे गाठून विचारा. पाण्याची आठवण बायकांकडे जास्त नेमकी असते, कारण हंडा त्यांच्याच डोक्यावर होता. पारावर सगळ्यांना एकत्र बसवले की पहिला बोलतो त्याच्याच सुरात बाकीचे सूर मिळवतात.

मग तालुक्याच्या पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहा. काही ठिकाणी पाऊस तेवढाच निघतो, पण विहिरी लवकर आटलेल्या असतात. याचे कारण उसाची लागवड आणि बोअरवेलची खोली हेही असू शकते. ते लपवू नका.

हरितगृह परिणाम कसा समजवावा? बाटली आणि सोड्याचा प्रयोग करावा का?

सूर्याची ऊर्जा मुख्यतः प्रकाशाच्या रूपात हवेतून खाली येते. तापलेली जमीन ती अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या रूपात परत सोडते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे किरण अडवत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन अडवतात आणि त्यातले काही खाली परत पाठवतात. गोधडी स्वतः उष्णता तयार करत नाही, अंगातली उष्णता बाहेर जायचा वेग कमी करते; इथेही तसेच. हे वायू नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते. प्रत्यक्षात ते १५ च्या आसपास आहे. म्हणून 'हरितगृह परिणाम वाईट असतो' असे शिकवू नका. तो वाढणे वाईट.

दोन बाटल्या, एकीत खायचा सोडा आणि व्हिनेगर, वर दिवा, हा प्रयोग पुस्तकांत आणि चित्रफितींत भरपूर दिसतो. आमचे मत स्पष्ट आहे : तो करू नये. दिवा एक सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तरी निकाल उलटतो. सोडा-व्हिनेगरची क्रिया स्वतः उष्णता शोषते, त्यामुळे ती बाटली सुरुवातीला थंडच होते. आणि तापमान वाढलेच तर ते बहुतांशी कार्बन डायऑक्साइड जड असल्यामुळे बाटलीतली हवा कमी घुसळली जाते म्हणून. निकाल हवा तसा येतो, कारण चुकीचे असते.

त्याऐवजी अवरक्त तापमापी वापरा, दुरून तापमान मोजणारी बंदूक. कपाळाचा ताप मोजायची चालणार नाही. तिची मर्यादा माणसाच्या अंगाच्या तापमानापुरती असते. वर्कशॉपमध्ये वापरतात ती, उणे ५० अंशांपर्यंत मोजणारी घ्या. सूर्याच्या दिशेने कधीही रोखू नका. निरभ्र आकाशाकडे रोखून आकडा लिहा, मग ढगाकडे. ढग कितीतरी उबदार दिसतो. वरून खाली उष्णता येते हे मुलांना तिथेच दिसते. मात्र हे उपकरण मुख्यतः ढग आणि वाफ यांचे किरण टिपते, कार्बन डायऑक्साइडचे नव्हे, हेही सांगा. डिसेंबरात आभाळ आले की रात्रीची थंडी कमी होते, हा घरोघरचा अनुभव याच तासाला जोडून घ्या.

आकडे तीनच पुरेत : औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग, १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास, आता ४२० च्या वर.

ओझोनच्या छिद्रामुळे तापमान वाढते ना?

नाही. शिक्षकांमध्येही सर्वांत जास्त आढळणारा हाच गैरसमज. ओझोनचा थर अतिनील किरण अडवतो. त्याचा प्रश्न मुख्यतः जुन्या फ्रिजमधल्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचा होता आणि हे वायू बंद करण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो थर सुधारतो आहे. दोन्ही धडे एकाच आठवड्यात घेऊ नका.

बर्फ वितळून समुद्र वाढतो, हे दाखवायचा सोपा प्रयोग?

दोन सारखे पारदर्शक डबे घ्या. एकात पाणी आणि त्यात तरंगणारा बर्फ. दुसऱ्यात मोठा दगड, दगडाच्या माथ्यापेक्षा खाली पाणी, आणि दगडावर तेवढाच बर्फ. दोन्हींची पातळी बर्फ ठेवल्यानंतर लगेच खुणा करून घ्या; बर्फाआधी खूण केली तर पहिल्या डब्यातही पाणी वाढलेले दिसते आणि सगळा प्रयोग फसतो. तरंगता बर्फ वितळून पातळी बदलत नाही, दगडावरचा वितळला की वाढते. पहिला आर्क्टिक समुद्रावरचा, दुसरा ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा. बर्फाचे खडे लहान घ्या, नाहीतर तास संपतो आणि बर्फ शिल्लक राहतो. तापलेले पाणी फुगते, हेही पातळी वाढण्याचे मोठे कारण आहे. ते सांगायचे राहून जाते.

प्रत्येक पूर, गारपीट, दुष्काळ हवामान बदलामुळेच आला असे सांगावे का?

नाही, आणि इथेच सर्वांत जास्त जपून बोलायला हवे. एका घटनेचे खापर चुकीच्या जागी फोडले, की पुढची खरी गोष्टही लोक मानत नाहीत.

जे ठामपणे सांगता येते ते असे. तापमान १ अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणून मोठ्या सरी आणखी मोठ्या होतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये आलेल्या राष्ट्रीय अहवालानुसार, मध्य भारतात दिवसाला १५० मिमीहून जास्त पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, तर देशाचा एकूण मोसमी पाऊस १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे ६ टक्क्यांनी घटला. उष्णतेच्या लाटांबद्दलचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. मार्च-एप्रिल २०२२ ची भारत-पाकिस्तानातली लाट हवामान बदलामुळे सुमारे ३० पट अधिक संभाव्य झाली, असा शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाचा निष्कर्ष आहे. गारपिटीबद्दलचा पुरावा मात्र अजून कमकुवत आहे.

गावात बोलताना दोन वेगळे प्रश्न करा. पाऊस एवढा का पडला? आणि पाणी घरात का शिरले? पहिल्या प्रश्नात हवामान बदल येतो. दुसऱ्यात ओढ्यावरचे अतिक्रमण, बुजवलेला नाला, पुलाची बुटकी कमान येते. दुसऱ्याचे उत्तर ग्रामपंचायतीच्या हातात असते, म्हणून सभेत वेळ त्यालाच जास्त द्या.

'पृथ्वी पूर्वीही तापली होती, यात माणसाचा काय दोष?'

तापली होती हे खरे. पण हिमयुग संपताना काही अंशांची वाढ व्हायला हजारो वर्षे लागली. आता दीडशे वर्षांत १ अंशाहून जास्त वाढ झाली आहे. सूर्याची ऊर्जा १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रहांनी मोजली जाते, तिच्यात वाढीचा कल नाही. शिवाय सूर्य कारण असता तर वातावरणाचे वरचे आणि खालचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबर निवतो आहे. हरितगृह वायू वाढले की नेमके असेच होते.

'धूर अमेरिकेने सोडला, आम्ही का भोगायचे?' याला काय उत्तर द्यावे?

प्रश्न रास्त आहे, तो दडपू नका. आजवरच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये अमेरिकेचा वाटा सुमारे चौथा हिस्सा आहे, भारताचा तीनेक टक्के. दरडोई वार्षिक उत्सर्जन भारतात सुमारे २ टन, अमेरिकेत त्याच्या सातपट. त्याच वेळी देश म्हणून वार्षिक उत्सर्जनात आपण चीन आणि अमेरिकेनंतर तिसरे आहोत. तिन्ही आकडे एकत्र मांडा आणि वादविवाद मुलांवर सोडा. नववी-दहावीची मुले तो उत्तम करतात. हातावर पोट असलेल्या माणसाला 'तुम्ही कार्बन कमी करा' असे सांगणे मात्र अन्यायाचे आहे. त्याच्याशी बोलायचे ते बचावाबद्दल.

घरचा हिशेब करायचा तर ढोबळ आकडे असे : विजेच्या एका युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, पेट्रोलच्या लिटरला २.३, डिझेलच्या लिटरला २.७, आणि १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरला ४२ किलोच्या आसपास. मुलांना वीजबिल आणायला सांगताना नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून आणायला सांगा, आणि कुणाचे बिल किती हे वर्गात वाचू नका.

झाडे लावली की झाले, असे नाही का?

नाही. मोठे झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड धरते असा ढोबळ अंदाज वापरतात. महिन्याला १०० युनिट वीज वापरणाऱ्या घराचे वर्षाचे ८४० किलो होतात, म्हणजे एका घरामागे चाळीसेक मोठी झाडे, फक्त विजेसाठी. हा भागाकार मुलांकडून करून घ्या. झाडे सावली, पाणी आणि मातीसाठी जरूर लावा, पण माळरानावर नको. माळरान ही उजाड जमीन नव्हे. तिथले गवत, लांडगा, माळढोक हे सगळे मोकळ्या रानावर जगतात. एकाच जातीची ग्लिरिसिडियासारखी लागवड करून डोंगर हिरवा दिसतो, पण त्याखाली स्थानिक फारसे काही वाढत नाही.

उद्याचा अंदाज चुकतो, मग २०५० चा कसा मानायचा?

उद्या कुठल्या गावात पाऊस पडेल हे सांगायला आजच्या हवेची बारीकसारीक स्थिती लागते. येता मे महिना जानेवारीपेक्षा उष्ण असेल हे सांगायला ती लागत नाही. दीर्घकालीन अंदाज दुसऱ्या प्रकारचा असतो.

अंदाज 'चुकला' असे वाटण्याचे अर्धे कारण शब्दांत आहे. हवामान विभागाच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५०, त्यापुढे ७५ पर्यंत 'बऱ्याच ठिकाणी'. 'जोरदार पाऊस' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिमीपासून पुढे. तुरळक ठिकाणी जोरदार पावसाचा इशारा असेल तर चारातली तीन गावे कोरडी राहूनही अंदाज बरोबर असतो. हा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर कायमचा लावा.

शेतकऱ्यांच्या बैठकीत काय सांगावे?

पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत बैठक ठेवू नका. मे महिन्यातली संध्याकाळ बरी. जागतिक आलेख अजिबात नको. एका निर्णयावर बोला. उदाहरणार्थ, ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका हा कृषी विभागाचा सल्ला. पहिल्या सरीला पेरून मग खंड पडला की दुबार पेरणी येते, आणि बियाण्याचा खर्च दुप्पट होतो. तालुक्याचा आकडा आपल्या शिवाराला लागू पडेलच असे नाही, म्हणून शाळेच्या पर्जन्यमापकाची बेरीज फळ्यावर लिहा : 'आजवर ६२ मिमी'. मुलांची नोंद अशी कामाला आली की ती बंद पडत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला मोबाइलवरच्या 'मेघदूत'मध्ये मराठीत मिळतो, विजेचा इशारा 'दामिनी'वर. बैठकीतच दोन-चार जणांच्या फोनवर ते सुरू करून द्या; घरी जाऊन कुणी करत नाही.

मुले घाबरतात, निराश होतात. काय करावे?

पाचवीपर्यंत आपत्तीची चित्रे दाखवू नका. ऋतू, पाऊस, सावली, पाणी इतकेच. सहावी ते आठवीला मोजमाप आणि कारणे. नववीपासून न्याय, धोरण, ऊर्जा. 'जग संपणार' ही भाषा कुठल्याच वर्गात नको. शास्त्र तसे म्हणतही नाही. प्रत्येक अंशाच्या दहाव्या भागाने फरक पडतो, हे शास्त्र म्हणते. पूर किंवा दरड अनुभवलेल्या गावात तो विषय काढण्याआधी पालकांशी बोला, आणि त्या दिवसाचे वर्णन लिहायला मुलांना कधीही सांगू नका.

शिकवलेले समजले की नाही, कसे तपासावे?

धडा सुरू करण्याआधी चार विधाने चूक की बरोबर विचारा : ओझोनच्या छिद्रामुळे तापमान वाढते, तरंगता बर्फ वितळला की समुद्र वाढतो, एक थंड हिवाळा तापमानवाढ खोटी ठरवतो, हरितगृह परिणाम नसता तर पृथ्वी जास्त चांगली झाली असती. चारही चूक आहेत. कागदावर नाव नको, फक्त एक खूण, म्हणजे मुले बिनधास्त लिहितात. धडा संपल्यावर लगेच पुन्हा विचारू नका; तेव्हा सगळे बरोबर येते. तीन आठवडे जाऊ द्या, मग न सांगता तोच कागद द्या आणि खुणेवरून दोन्ही उत्तरे जोडून पाहा. ओझोनचे उत्तर पुन्हा चुकणारी मुले जवळपास प्रत्येक वर्गात निघतात. त्यांना तोच धडा परत वाचून दाखवू नका; अतिनील आणि अवरक्त किरणांचे दोन बाण फळ्यावर वेगळ्या रंगांनी काढा आणि कोणता कुठे अडतो, हे त्यांच्याकडूनच दाखवून घ्या.